क्विक कपलिंग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हवा, पाणी, हायड्रॉलिक तेल, इंधन किंवा रसायन नेणाऱ्या नळ्या पान्याशिवाय जोडता-सोडता याव्यात म्हणून वापरल्या जाणाऱ्या कपलिंगबद्दल जे प्रश्न सतत येतात, ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी, किचकट नंतर. एका उत्तरात आलेला मुद्दा दुसरीकडे पुन्हा सांगितलेला नाही, तिथे फक्त प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. क्विक कपलिंगच्या आत नेमकं काय असतं?

कपलिंगचे दोन अर्धे असतात. आत शिरतो तो मेल, म्हणजे प्लग किंवा निपल. त्याला आत घेतो तो फिमेल, म्हणजे सॉकेट किंवा कपलर. सगळ्यात जास्त दिसणाऱ्या प्रकारात फिमेलच्या अंगावर गोलाकार भोकं असतात, त्यांत पोलादी छर्रे बसवलेले असतात आणि वरून स्प्रिंगची कॉलर सरकते. कॉलर मागे ओढली की छर्र्यांना बाहेर सरकायला जागा मिळते आणि मेल आत जातो. कॉलर सोडली की ती छर्र्यांना मेलवरच्या खाचेत दाबून धरते. नळीतला दाब दोन्ही अर्ध्यांना एकमेकांपासून ढकलत असतो. तो सगळा जोर हे छर्रे झेलतात.

पण छर्रे गळती थांबवत नाहीत. ते काम ओ-रिंगचं, म्हणजे खाचेत बसवलेल्या रबरी कड्याचं. आणि कपलिंग सोडल्यावर नळीचं तोंड बंद करतो तो पॉपेट, म्हणजे स्प्रिंगवर चालणारा आतला छोटा व्हॉल्व्ह. पकड, सील आणि व्हॉल्व्ह अशी तीन कामं तीन वेगळे भाग करतात. बिघाड शोधताना हे डोक्यात असलं की निम्मा वेळ वाचतो (प्रश्न ११).

२. व्हॉल्व्ह दोन्ही बाजूंना हवा, एकाच बाजूला, की नकोच?

हायड्रॉलिकला दोन्ही बाजूंना हवा, नाहीतर सोडताना दोन्ही नळ्या रिकाम्या होतात आणि परत जोडताना सिस्टिममध्ये हवा शिरते. दाबाखालच्या हवेला फक्त फिमेलमध्ये पुरतो. पुढच्या नळीतली थोडीशी हवा सुटून गेली तर काही बिघडत नाही.

व्हॉल्व्ह नसलेलं, आरपार बोअरचं (आतलं भोक सलग मोकळं असलेलं) कपलिंग तिथे घ्या जिथे प्रवाह महत्त्वाचा आहे किंवा द्रव घट्ट, गाळयुक्त आहे. उदाहरणार्थ साच्याला थंड पाणी देणाऱ्या लाइन, धुण्याच्या प्रेशर लाइन, स्लरी. अट एकच: मागे वेगळा व्हॉल्व्ह असायलाच हवा, आणि तो बंद करून दाब उतरवल्याशिवाय कपलिंगला हात लावायचा नाही.

३. पुरवठ्याच्या बाजूला मेल लावायचा की फिमेल?

हवेच्या लाइनला पुरवठ्याकडे कायम फिमेल, टूलला मेल. उलटं केलं तर कपलिंग सोडताक्षणी मेलच्या उघड्या भोकातून सगळी लाइन सुटते आणि नळी फटके मारू लागते.

हायड्रॉलिकमध्ये दोन्ही अर्ध्यांना व्हॉल्व्ह असल्यामुळे कुठलाही कुठेही चालतो. त्याचा फायदा घ्या. एका सिलिंडरच्या दोन लाइन असतील तर मशीनच्या बाजूने एका लाइनला मेल आणि दुसरीला फिमेल लावा. मग नळ्यांची अदलाबदल करायची म्हटली तरी होत नाही. रंगीत रिंगांपेक्षा हा उपाय भरवशाचा, कारण तेल आणि धूळ बसली की रंग कुणाला दिसतात! मात्र एकच अटॅचमेंट, म्हणजे मशीनला जोडून वापरायचं अवजार, अनेक मशीनवर फिरत असेल तर सगळ्या मशीनवर हीच मांडणी ठेवावी लागते.

४. दोन्हीवर १/४ इंच लिहिलंय, तरी एकमेकांत बसत नाहीत. असं का?

तो आकडा कधी मागच्या आट्यांचा असतो, तर कधी कपलिंगच्या अंगाचा. जोडणी ठरते ती मेलच्या नाकाच्या आकारावर, म्हणजे प्रोफाइलवर. हवेच्या कपलिंगमध्ये औद्योगिक प्रोफाइल (आयएसओ ६१५० बी), एआरओ, ऑटोमोटिव्ह आणि युरोपात रुळलेलं मोठ्या बोअरचं अशी प्रोफाइल्स शेजारी शेजारी विकली जातात. १/४ इंचात पहिली तीन लांबून सारखीच दिसतात.

अजिबात न बसणारी जोडी त्रास देत नाही. त्रास देते ती जवळजवळ बसणारी: क्लिक होतं, हवा धरते, आणि नळीला झटका बसला की सुटते. म्हणून व्हर्नियरने तीन मापं घ्या: नाकाचा व्यास, खांद्याचा व्यास, आणि नाकाच्या टोकापासून खाचेपर्यंतचं अंतर. तिन्ही जुळली तरच प्रोफाइल एक. दोन-तीन प्रोफाइल स्वीकारणारे युनिव्हर्सल सॉकेट मिळतात. फुंकणीला आणि टायरच्या हवेला ते ठीक आहेत. हादरणाऱ्या टूलला त्याच्याच प्रोफाइलचा सॉकेट द्या.

हायड्रॉलिकमध्ये आयएसओ ७२४१ ची ए मालिका, बी मालिका आणि फ्लॅट फेसचं (प्रश्न १४) आयएसओ १६०२८ ही नावं भेटतील. ए आणि बी आपसात बसत नाहीत, आणि फ्लॅट फेस दोघांतही बसत नाही.

५. आटे दोन-तीन फेऱ्या नीट जातात आणि मग अडकतात. जोर लावू का?

नको. बहुतेक वेळा एक भाग बीएसपी (ब्रिटिश पाइप आटे) आणि दुसरा एनपीटी (अमेरिकन पाइप आटे) असतो. बीएसपी आट्याचा कोन ५५ अंश, एनपीटीचा ६०. दर इंचाला आटे मोजले तर १/८ इंचात बीएसपी २८ आणि एनपीटी २७, १/४ आणि ३/८ मध्ये १९ विरुद्ध १८, एक इंचात ११ विरुद्ध साडेअकरा. फसवतात ते १/२ आणि ३/४ इंच. तिथे दोन्हींचे आटे १४ च असतात, त्यामुळे बऱ्याच फेऱ्या बिनतक्रार जातात, पान्याने घट्टही होतात आणि दाब आला की कोनातल्या फटीतून गळू लागतात. त्यावर टेप वाढवत नेणं हा उपाय नाही. आट्यांचा गेज लावा, आणि नसेल तर ओळखीचा बीएसपी नट हाताने फिरवून पाहा.

६. टेफ्लॉन टेप किती गुंडाळायची?

टेपर, म्हणजे टोकाकडे निमुळत्या होत जाणाऱ्या आट्यांवर दोन ते तीन वेढे. आट्याचं टोक स्वतःकडे धरून घड्याळाच्या दिशेने गुंडाळा आणि टोकाचे एक-दोन आटे मोकळे ठेवा. ते मोकळे ठेवले नाहीत तर टेपची चिंधी तुटून थेट पॉपेटच्या सीटवर जाऊन बसते आणि नवंकोरं कपलिंग पहिल्याच दिवशी थेंब टाकायला लागतं.

समांतर आट्यांवर टेप लावायचीच नाही. तिथे सील होतं ते बॉण्डेड वायसरवर (रबराची कड चिकटवलेला धातूचा वायसर) किंवा तोंडावरच्या ओ-रिंगवर. घट्ट करताना पाना अंगावरच्या षटकोनावर लावा. कॉलरवर पाइप पाना लावला की कॉलर किंचित चेपते आणि पुढे नीट सरकत नाही. दिसायला काहीच झालेलं नसतं, म्हणून कारण सापडायलाही वेळ लागतो.

७. ओ-रिंग कुठल्या रबराची घ्यायची?

आतून काय वाहतं त्यावर ठरतं. खनिज हायड्रॉलिक तेल, हवा, साधं पाणी यांना नायट्राइल (एनबीआर), साधारण १०० अंश सेल्सिअसपर्यंत. गरम तेल, पेट्रोल, डिझेल आणि बरीच रसायनं यांना एफकेएम, साधारण २०० अंशांपर्यंत. पण कडाक्याच्या थंडीत, उणे २० च्या खाली, साधं एफकेएम ताठरतं. गरम पाणी, ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल, फॉस्फेट एस्टरचं अग्निरोधक तेल यांना ईपीडीएम.

गोंधळ होतो तो ईपीडीएममध्ये. खनिज तेल लागलं की ते फुगतं. फुगलेली रिंग खाचेबाहेर येते आणि मेल आत घालताना कापली जाते. म्हणून ईपीडीएमच्या कपलिंगला साधं ग्रीसही चालत नाही, सिलिकॉन ग्रीस वापरा. तिन्ही रबरं काळ्या रंगात येतात, नुसत्या नजरेने ओळखायला जाऊ नका. पाकिटावर लिहिलेलं जपून ठेवा.

८. पितळ, स्टील, स्टेनलेस की प्लास्टिक?

पाणी आणि कमी दाबाच्या हवेला पितळ. हायड्रॉलिकला झिंक किंवा झिंक-निकेल चढवलेलं स्टील. खारं पाणी, अन्न, औषध आणि बऱ्याच रसायनांना ३१६ स्टेनलेस. पीओएम आणि पॉलिप्रॉपिलीन हे प्लास्टिक हलकं, गंजत नाही, पण दाब आणि ऊन जपायचं. पितळ अमोनियाजवळ नेऊ नका. ताणाखाली असलेल्या पितळाला अमोनियाने बारीक भेगा जातात आणि एक दिवस नट दोन तुकडे होऊन हातात येतो.

९. अटॅचमेंट काल सहज निघालं, आज हायड्रॉलिक कपलिंग काही केल्या जोडलं जात नाही. काय करायचं?

नळीत दाब अडकला आहे. दोन्ही टोकं बंद असताना तेल तापलं तर त्याला फुगायला जागा नसते. पूर्ण कडक भांड्यात कोंडलेल्या तेलाचा दाब तापमान एक अंश वाढलं की ढोबळमानाने १० बारने वाढतो. नळी थोडी फुगते म्हणून प्रत्यक्षात वाढ कमी होते, पण सकाळी सावलीत सोडलेलं अटॅचमेंट दुपारच्या उन्हात राहिलं तर पॉपेटमागे हाताने दाबता येणार नाही इतका दाब सहज साठतो. दुसरं कारण म्हणजे अटॅचमेंट उचललेल्या अवस्थेत सोडलं आणि त्याचं वजन सिलिंडरवर राहिलं.

आधी मशीनच्या बाजूचा दाब काढा. अटॅचमेंट जमिनीवर पूर्ण टेकवा, इंजिन बंद करा, आणि त्या लाइनचा लिव्हर दोन्ही बाजूंना तीन-चार वेळा पूर्ण हलवा. इलेक्ट्रिक व्हॉल्व्ह असेल तर इंजिन बंद ठेवून चावी चालू ठेवावी लागते, नाहीतर लिव्हर हलतो पण स्पूल (व्हॉल्व्हमधला सरकणारा दांडा) हलत नाही. बऱ्याच मशीनवर यासाठी दाब सोडायचं वेगळं बटण असतं.

एवढं करूनही बसत नसेल तर दाब अटॅचमेंटच्या बाजूला आहे. अटॅचमेंट नीट टेकलेलं आणि आधार दिलेलं आहे याची खात्री करा. हातमोजे आणि चष्मा घाला. कपलिंगच्या मागे नळीचा जो नट आहे त्यावर जाड फडकं गुंडाळा आणि पान्याने पाव फेरीपेक्षा कमी, अगदी हळू सैल करा. तेल फडक्यात झिरपून थांबलं की लगेच घट्ट करा. पण जड भाग त्या सिलिंडरच्याच जोरावर उचललेला असेल तर हे बिलकुल करू नका, तो खाली येईल.

हे वारंवार होत असेल तर अडकलेल्या दाबावरही जोडता येणारे अर्धे मिळतात. त्यांच्या पॉपेटमध्ये एक लहान व्हॉल्व्ह असतो, तो आधी उघडून दाब सोडतो. अटॅचमेंटच्या बाजूचे अर्धे तसे बदलले तर रोजची झटापट थांबते. सोडतानाची सवय मात्र फुकट आहे: टेकवा, इंजिन बंद, लिव्हर हलवा, मगच कपलिंग सोडा.

१०. पॉपेटवर हातोडीने टक्कन मारून दाब सोडतात, ते चालतं का?

चालत नाही. पॉपेटचं तोंड किंवा सीट चेपते आणि मग ते कपलिंग सुटलेलं असताना कायम गळतं. त्याहून वाईट म्हणजे बारीक फटीतून निघालेली तेलाची धार कातडीतून आत शिरते. जखम सुई टोचल्याएवढी दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, पण तेल आत पसरून काही तासांत बोट किंवा हात गमवायची पाळी येऊ शकते. असं झालं तर थांबून बघत बसू नका. लगेच रुग्णालयात जा आणि दाबाचं तेल आत शिरलं आहे हे स्पष्ट शब्दांत सांगा. याच कारणासाठी बारीक गळती शोधताना हात फिरवायचा नाही, पुठ्ठ्याचा तुकडा फिरवायचा.

११. कपलिंग गळतंय. कुठला भाग खराब हे कसं ओळखायचं?

गळती कधी होते ते आधी पाहा. जोडलेलं असताना दोन अर्ध्यांच्या मधून, कॉलरखालून गळत असेल तर फिमेलमधली ओ-रिंग. सुटलेलं असताना तोंडातून गळत असेल तर त्या अर्ध्याचा पॉपेट. त्याच्या सीटवर कचरा असेल किंवा सील कापलेलं असेल. दोन्ही वेळा मागच्या बाजूने ओलं होत असेल तर आटे (प्रश्न ५ आणि ६). हवेला साबणाचं पाणी लावा. तेलाला आधी कोरडं पुसा, दहा मिनिटं चालवा आणि मग पाहा. जुना ओघळ बघून निष्कर्ष काढला की चुकीचा भाग बदलला जातो.

पॉपेटची गळती लगेच बदलायच्या यादीत टाकू नका. दाब उतरवून कपलिंग तीन-चार वेळा जोडा-सोडा, अडकलेला कण बहुधा वाहून जातो.

ओ-रिंग बदलताना जुनी काढायला लाकडी किंवा प्लास्टिकची काडी घ्या. खिळ्याने काढली तर खाचेत ओरखडा पडतो आणि नवी रिंगही गळते. रिंगेशेजारी पांढरी, कडक पीटीएफईची बॅकअप रिंग असेल तर तिची बाजू लक्षात ठेवा: ती ओ-रिंगच्या दाब नसलेल्या बाजूला असते. उलटी बसली तर ओ-रिंग फटीत ओढली जाते आणि तिची कड कुरतडल्यासारखी दिसते. बसवण्याआधी नव्या रिंगेला सिस्टिममधलंच तेल बोटाने चोळा.

१२. कपलिंग लावल्यापासून मशीन मंद झालं आणि तेलही तापतं. कपलिंगमुळे इतका फरक पडतो?

पडतो. पॉपेट वाहत्या तेलाच्या मधोमध उभा असतो. मिनिटाला ४० लिटर तेल १२.५ मिलिमीटरच्या भोकातून सेकंदाला साधारण साडेपाच मीटर वेगाने जातं. तेच १० मिलिमीटरमधून साडेआठ मीटरने जातं. प्रवाह दुप्पट झाला की दाबाची घट चौपट होते. समजा एका कपलिंगवर मिनिटाला ६० लिटरला ५ बार घटतात, तर तिथे अर्धा किलोवॅट उष्णता तयार होते. जाणारी आणि येणारी अशा दोन लाइन धरल्या तर एक किलोवॅट. म्हणजे तेलाच्या टाकीत छोटा हीटरच सोडला.

म्हणून कपलिंग आट्यांच्या मापावर निवडू नका, उत्पादकाच्या प्रवाह-दाब आलेखावर निवडा. तुमच्या सगळ्यात जास्त प्रवाहाला दाबाची घट किती, हे त्यात थेट दिसतं. आधी ठीक चालत असेल आणि अचानक मंद झालं असेल तर प्रश्न मापाचा नाही. कपलिंग पूर्ण बसलेलं नाही, आणि ते पुढच्या प्रश्नात.

१३. कपलिंग जोडलं आणि मोटरचा शाफ्ट सील फुटला. कपलिंगचा काय संबंध?

थेट संबंध आहे. दोन्ही बाजूंना व्हॉल्व्ह असलेलं कपलिंग अर्धवट बसलं तर ते बंद व्हॉल्व्हच असतं. दाबाच्या लाइनमध्ये तसं झालं तर काम होत नाही, लगेच कळतं. परतीच्या लाइनमध्ये झालं तर नुकसान होतं.

हायड्रॉलिक मोटरची केस ड्रेन लाइन घ्या. आतून झिरपलेलं तेल तिच्यातून टाकीत जातं आणि शाफ्ट सील फार थोडा दाब सोसतो. ती लाइन अर्धवट कपलिंगने बंद झाली की केसमधला दाब वाढतो आणि काही सेकंदांत सील बाहेर फेकला जातो. शक्य असेल तर केस ड्रेनला कपलिंग लावूच नका. लावावंच लागलं तर ती लाइन जोडताना सगळ्यात आधी आणि सोडताना सगळ्यात शेवटी.

सिलिंडरमध्येही हेच, फक्त आकडे मोठे. बोअर ८० मिलिमीटर, रॉड ५६ मिलिमीटर असेल तर पिस्टनच्या बाजूचं क्षेत्रफळ रॉडच्या बाजूच्या जवळपास दुप्पट भरतं. रॉडच्या बाजूचं कपलिंग अर्धवट असताना पिस्टनला १८० बार दिले, तर रॉडकडे कोंडलेल्या तेलात सुमारे ३५० बार तयार होतात. मशीनचा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडणारा) इथे मदतीला येत नाही, कारण तो बंद कपलिंगच्या पलीकडे राहतो. नळी फुटते किंवा सिलिंडरचं ग्लँड (रॉड बाहेर येतो तिथलं सीलचं झाकण) सुटतं.

जोडल्यावर कॉलर पूर्ण पुढे आली आहे का बघा, नळी हाताने ओढा, आणि पहिली हालचाल इंजिनच्या कमी फेऱ्यांवर करा.

१४. फ्लॅट फेस घ्यावं की साधं पॉपेटचं?

धूळ-चिखलात काम असेल, किंवा तेल सांडलेलं चालणार नसेल, तर फ्लॅट फेस. दोन्ही तोंडं सपाट असल्यामुळे एका फडक्याने पुसली जातात आणि सोडताना फक्त ओलसर थर राहतो. पॉपेटच्या कपलिंगमध्ये दोन तोंडांच्या मधलं तेल दर वेळी सांडतं आणि तेवढीच हवा आत जाते. पॉपेट स्वस्त, जुन्या मशीनशी जुळणारं. फ्लॅट फेसचं दुखणं असं की तोंडावर ओरखडा पडला तर पुसून भागत नाही, अर्धा बदलावा लागतो. धुळीची टोपी दोघांनाही हवीच. कपलिंग जोडलेलं असताना त्या दोन टोप्या एकमेकींत बसवून ठेवा, म्हणजे आतून स्वच्छ राहतात. टोपी दाब धरण्यासाठी नसते, गळका पॉपेट टोपीने झाकू नका.

१५. कॉम्प्रेसरवर दाब पूर्ण दिसतो, पण इम्पॅक्ट रेंचला जोर नाही.

टूल चालू असताना त्याच्या तोंडाशी गेज लावून पाहा. बंद असताना दिसणारा दाब काहीच सांगत नाही. ५ मिलिमीटर बोअरच्या कपलिंगऐवजी ७.४ मिलिमीटरचं लावलं तर वाट दुपटीहून जास्त रुंद होते. लाइनवर चार कपलिंग असतील तर दोन काढा.

हादरणाऱ्या टूलला मेल थेट लावू नका. मध्ये हातभर लवचीक नळी द्या. थेट लावलेल्या मेलची खाच छर्रे ठोकून ठोकून रुंद करतात, कपलर सैल होतो आणि एक दिवस दाबाखाली सुटतो. सोडताना नळी फटका मारते अशी भीती असेल तर दोन टप्प्यांचा सेफ्टी कपलर घ्या. पहिल्या टप्प्यात पुढची हवा सुटते, दुसऱ्यात मेल निघतो.

१६. पुश-इन फिटिंगमधून नळी निसटते किंवा फुसफुसते. फिटिंग खराब आहे का?

बहुधा नळीचं टोक खराब आहे. नळी कटरने सरळ काटकोनात कापा. कात्रीने कापलं की गोल तोंड अंडाकृती होतं. आत ढकलताना पहिला अडथळा लागतो तो ओ-रिंगचा, तिथेच थांबलात तर फुसफुसणार. आणखी ढकलून तळाला टेकवा आणि मग मागे ओढून पाहा. किती आत जायला हवी ते आधी नळीवर पेनने खूण करून ठेवलं की अंदाज बांधावा लागत नाही.

नळी काढताना कॉलर दोन्ही बाजूंनी सारखी दाबा. पकडीच्या दातांनी ओरखडलेलं टोक परत वापरू नका, साधारण १० मिलिमीटर कापून टाका. इंच आणि मिलिमीटरच्या घोळात दोन मापं चालून जातात: ५/३२ इंच म्हणजे ३.९७, तो ४ मिलिमीटरमध्ये बसतो, आणि ५/१६ म्हणजे ७.९४, तो ८ मध्ये. पण १/४ इंच ६.३५ असतो, तो ६ मिलिमीटरच्या फिटिंगमध्ये शिरत नाही, आणि ६ ची नळी १/४ च्या फिटिंगमध्ये शिरते पण टिकत नाही.

१७. कॅमलॉक किती दाबाला चालतं? हवेला चालेल का?

कॅमलॉक म्हणजे फिमेलवरचे दोन कान (लिव्हर) दाबून मेलला खाचेत आवळणारं कपलिंग. ते द्रवासाठी आहे. माप मोठं तसा दाब कमी. धातूच्या कॅमलॉकला खोलीच्या तापमानात साधारण २ इंचाला १७ बार, ३ इंचाला साडेआठ, ४ इंचाला ७ आणि ६ इंचाला ५ बार ही मर्यादा धरतात. ४ इंचाच्या तोंडावर ७ बार म्हणजे साडेपाचशे किलोहून जास्त जोर. तो दोन कान धरून ठेवतात.

हवा, कोणताही दाबाखालचा वायू आणि वाफ यांना कॅमलॉक नाही. द्रवाचा दाब कान उघडताच उतरतो. कोंडलेली हवा नळी उडवते. द्रवाच्या लाइनवरही एक कान आधी, दुसरा नंतर असं करू नका, दोन्ही एकदम उचला, आणि त्याआधी पंप बंद करून दाब उतरवा. कान हादऱ्याने उघडू नयेत म्हणून पिन किंवा वायर लावा. कान फार सहज बंद होत असतील तर गॅस्केट दबून गेली आहे, ती बदला. कानावर पाइप घालून जोर लावणं हा उपाय नाही.

१८. गाडीच्या इंधन नळीचं क्विक कनेक्टर कसं काढायचं? तुटतं का?

जोर लावला तर तुटतं. आधी दाब उतरवा: पेट्रोल गाडीत इंधन पंपाचा फ्यूज किंवा रिले काढा, इंजिन चालू करून आपोआप बंद पडू द्या, मग बॅटरीची निगेटिव्ह सोडा. इंजिन गार असू द्या, जवळ ठिणगी नको. मग कनेक्टरभोवतीची माती फुंकून काढा. लॅच न हलण्याचं मुख्य कारण तीच माती असते. दोन्ही लॅच दाबून कनेक्टर आधी थोडा आत ढकला आणि मग ओढा. काही कनेक्टरमध्ये आत स्प्रिंग असते, त्यांना रिंगेसारखं वेगळं साधन लागतं. स्क्रू-ड्रायव्हर घालू नका.

एसएई जे २०४४ मध्ये टोकांची मापं ७.८९, ९.४९ मिलिमीटर अशी येतात, म्हणून नवा कनेक्टर 'आठचा' म्हणून आणू नका, व्हर्नियर लावा. बसवताना धातूच्या टोकाला स्वच्छ इंजिन ऑइलचा एक थेंब, क्लिक, आणि मग ओढून खात्री. चावी फिरवून पंप चालू करा, कोरडं आहे हे पाहा, नंतरच इंजिन. कॉमन रेल डिझेलमध्ये हे कनेक्टर फक्त कमी दाबाच्या बाजूला असतात. रेलकडच्या पोलादी नळ्यांचा नियम वेगळा, त्यांना यात धरू नका.

१९. पंपाच्या सक्शन लाइनला किंवा व्हॅक्यूमला हे कपलिंग चालेल का?

सक्शनला पॉपेटचं कपलिंग नको. पंपाला तेल ओढायला मिळणारा दाबाचा फरक एका वातावरणाइतकाही नसतो, त्यातला काही पॉपेटने खाल्ला की पंप कडकडायला लागतो. आरपार बोअरचं घ्या आणि वेग सेकंदाला साधारण एक मीटरपर्यंत ठेवा. व्हॅक्यूमला उत्पादकाने तसं लिहिलेलंच कपलिंग घ्या. अनेक सील आतल्या दाबाने घट्ट होतात, बाहेरच्या दाबाने नाही. तेव्हा दाबाला न गळणारं कपलिंग व्हॅक्यूमला हवा ओढू शकतं.

२०. कपलिंग हाताने गोल फिरतं, मग स्विव्हल (फिरता सांधा) म्हणून वापरू का?

नाही. दाबाखाली सतत फिरलं की ओ-रिंग आणि खाच दोन्ही झिजतात. नळीला पीळ पडत असेल तर वेगळा स्विव्हल लावा.

२१. वाफ, ऑक्सिजन, ॲसिटिलीन यांना नेहमीचं कपलिंग?

नाही, तिन्हींना नाही. वाफेला त्यासाठीच बनवलेलं कपलिंग. ऑक्सिजनला तेल-ग्रीसचा अंशही नसलेलं, कारण दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये तेल पेट घेतं. ॲसिटिलीनला तांब्याचं प्रमाण जास्त असलेला धातू नको, त्यातून स्फोटक संयुग बनतं. वेल्डिंगच्या कपलिंगमध्ये ज्वलनशील गॅसचे आटे डावे असतात. ते ॲडॉप्टरने बदलू नका.

२२. एकच अर्धा खराब झाला, तर दुसरा जुनाच ठेवला तर चालेल का?

आधी जुना मेल नखाने तपासा. खाचेत छर्र्यांच्या आकाराचे खड्डे लागत असतील तर दोन्ही बदला. खड्डे पडलेला मेल नव्या फिमेलमध्ये वाकडा बसतो आणि नवी ओ-रिंग एका बाजूने झिजवतो. खड्डे नसतील, प्रोफाइल आणि मटेरियल तेच असेल, तर एक बदलून चालतं. हवेच्या लाइनवर पोलादी फिमेलला पितळी मेल लावला तर मेल लवकर जातो. जिथे मेल स्वस्त आणि बदलायला सोपा आहे तिथे हे मुद्दामही करतात.

ब्रेकर किंवा व्हायब्रेटरसारख्या धक्के देणाऱ्या अटॅचमेंटवर खड्डे पुन्हा पुन्हा पडत असतील तर छर्र्यांचं कपलिंगच तिथे चुकीचं आहे. आट्यांनी आवळायचं कपलिंग लावा. त्यात जोर छर्र्यांच्या टोकांऐवजी आट्यांच्या पूर्ण वेढ्यावर वाटला जातो, आणि अडकलेल्या दाबावरही ते जोडता येतं. आवळायचं मात्र शेवटपर्यंत. बऱ्याच मॉडेलवर मेलवर एक रिंगची खूण असते, ती कॉलरखाली झाकली जाईपर्यंत. खूण दिसत राहिली तर पॉपेट अर्धाच उघडलेला आहे, आणि हादऱ्याने ती कॉलर सुटतही जाते.